सुती दोऱ्याची शिवण

पेट्रिशिया मिस्किटा सकाळी आठला कबरस्तानाच्या फाटकातून आत शिरली, तेव्हा दत्तारामने कबर निम्मी उकरून ठेवली होती. बाजूचा मातीचा ढीग बघून तिचे पाय थबकले. दोन वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती, आणि दिवस उजाडल्यावर तिला वाटलं की दत्ताराम आज आजारी पडला असता तर किती बरं झालं असतं.

बाहेरच्यांना हा प्रकार ठाऊक नसतो, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. मुंबईत जिवंत माणसाला जागा मिळायची मारामार, तिथे मेलेल्याला कायमची जागा कोण देणार? मरोळच्या कॅथलिक लोकांत माणूस पुरला की ती कबर त्याला साधारण दोन वर्षांसाठी मिळते. तेवढ्यात मातीने आपलं काम उरकायचं. मग घरच्यांना बोलावणं येतं. कबर उघडतात, हाडं काढून धुतात, आणि कबरस्तानाच्या भिंतीत त्या कुटुंबाचा जो हातभर कोनाडा असतो त्यात आधीच्या माणसांशेजारी ठेवून देतात. कबर पुढच्याला मोकळी. भाड्याच्या खोलीसारखाच कारभार, फक्त इथला भाडेकरू कोर्टात जात नाही.

आज विन्सेंट मिस्किटांची पाळी होती. पेट्रिशियाचे पपा. कोनाड्यात तिची ममी सिसिलिया बेचाळीस वर्षं एकटीच होती. कोनाड्यावरच्या संगमरवरी फरशीवर तिचं नाव होतं आणि त्याखाली चार बोटं जागा कोरी. ती जागा विन्सेंटनी गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून सोडून घेतली होती. तेव्हा ते शेहेचाळीस वर्षांचे, धंदा चालू, घरात दोन पोरं, आणि गावठाणातल्या समस्त मावश्या त्यांना दुसरी बायको शोधायच्या मागे लागलेल्या. एका मावशीने फारच धरल्यावर ते तिला रविवारी चर्चमधली मिसा झाल्यावर इथे घेऊन आले आणि त्या कोऱ्या जागेकडे बोट दाखवलं. "माझं नाव ठरलंय कुठे लागायचं ते," म्हणाले. मावशी पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

पेट्रिशियाने पिशवी सिमेंटच्या क्रूसाच्या पायरीवर ठेवली. आत मेणबत्त्या होत्या, गुलाबपाणी होतं, आणि पांढऱ्या सुती कापडाची तिने स्वतः हाताने शिवलेली थैली होती. हाडं ठेवायला. थैली शिवायला तिला तीन संध्याकाळी लागल्या. कपड्याच्या धंद्यातल्या माणसाची लेक, एका तासाचं काम. पण ती उसवून उसवून पुन्हा शिवत राहिली होती.

"बाय, हयसर येव नकात," दत्ताराम खड्ड्यातून म्हणाला. "थंयच रवा. मी सांगतंय तेव्हा येवा."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

विन्सेंटचा अस्तराचा कारखाना होता, मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, सहा मागांचा. अस्तर म्हणजे कोटाच्या आतलं ते गुळगुळीत पॉलिस्टर, जे कुणाला दिसत नाही आणि ज्याच्याशिवाय कोट अंगावर बसत नाही. 'कोट फाटेल, पण मिस्किटाचं अस्तर फाटणार नाही,' असं पार्ल्यापासून कुर्ल्यापर्यंतचे शिंपी म्हणायचे. ही स्तुती ऐकली की विन्सेंट दिवसभर खुशीत असत. माणूस तसा नाकासमोर चालणारा. सकाळी साडेसहाची मिसा, आठला कारखाना, आणि बाराच्या ठोक्याला सहाही माग बंद. दोन मिनिटं विन्सेंट उभ्याउभ्या प्रार्थना म्हणत आणि कोकणातले कामगार तेवढ्यात तंबाखू मळून घेत. एकदा एक व्यापारी ऑर्डर न्यायला दारात उभा होता, टेम्पो चालू, आणि इकडे माग थांबले. तो वैतागून म्हणाला, "अहो मिस्किटा, दोन मिनिटं नंतर थांबवलं तर काय बिघडेल?" विन्सेंटनी प्रार्थना संपवली, खूण केली, माग सुरू झाले, आणि मग शांतपणे विचारलं, "का? दोन मिनिटांत तुमचं काही बिघडलं का?"

त्यांना धंदा वाढवता आला असता. लोक म्हणत, मूर्ख आहे, लक्ष्मी दारात उभी आणि हा संध्याकाळी सहाला शटर ओढतो. पण ममी गेली तेव्हा पेट्रिशिया सोळा वर्षांची होती आणि रसेल सहाचा. शटर सहाला ओढलं की साडेसहाला घरात चूल पेटायची. विन्सेंट भात करत, मासळीचं कालवण करत, पोराचा गृहपाठ घेत. मे महिन्यात गावठाणातल्या बायका वर्षाचा बॉटल मसाला कुटायला बसल्या की त्यांच्यात हा एकटा पुरुष जाऊन बसे आणि मिरच्या भाजता भाजता शिंकून बेजार होई. बायका पदर तोंडाशी धरून हसत. पुढच्या मे महिन्यात तो पुन्हा हजर.

पेट्रिशिया कॉलेज संपल्यावर कारखान्यातच बसू लागली. काचेच्या टेबलाखाली दिवा लावून त्यावरून कापड सरकवायचं आणि दोष शोधायचे, हे तिचं काम. कारखाना विकला तोवर ती तेच करत होती. नंतर ते दोघं घरात, एक म्हातारा आणि एक म्हातारी होत चाललेली मुलगी. रसेल तोवर बायको किम्बर्लीसह टोरांटोत स्थायिक झाला होता.

विन्सेंट शहाऐंशीव्या वर्षी गेले तेव्हा रसेल आठ दिवसांसाठी आला. परत जाताना विमानतळावर म्हणाला, "पॅट, तू इथे एकटी काय करणार? किम्बर्लीने तुझ्यासाठी खोली रंगवलीय. खरंच ये." तिने सांगितलं, "आधी पपांना ममीजवळ ठेवते, मग बघू." या एका वाक्यावर तिने दोन वर्षं काढली. रसेल दर रविवारी विचारी आणि ती दर रविवारी तेच म्हणे. वाक्य खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते तिला नीट माहीत होतं. ती रोज संध्याकाळी पाचला इथे येई, कबरीवरची पानं झाडी, मेणबत्ती लावी आणि पपांशी बोले. केबलवाला आला नाही. गावठाणात आणखी एक घर पाडलं, टॉवर होणार म्हणतात. आज सुरमई चांगली आली होती पण एकटीसाठी काय घ्यायची. दिवसभरात तिच्या तोंडून निघणाऱ्या शब्दांपैकी निम्म्याहून जास्त शब्द त्या मातीला उद्देशून असत. उरलेले भाजीवालीला.

आज पपा भिंतीत गेले की ही माती दुसऱ्या कुणाची होणार होती. मग पाच वाजता कुठे जायचं? तिची सगळी धास्ती एवढीच होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

"बाय," दत्तारामने हाक मारली. त्याचा आवाज बदलला होता. "झाला नाय हा अजून."

"म्हणजे?"

"हात, पाय, डोक्या, सगळा झाला. मधला नाय झाला. कोटान धरून ठेवल्यान हा." तो खड्ड्यातच उभा होता, छातीपर्यंत. "चाळीस वर्सा ह्या काम करतंय, असो कोट बघूक नाय. आत पाण्याचो थेंब गेलो नाय. खयचो कपडो हो, बाय?"

खयचो ते पेट्रिशियाला चांगलं ठाऊक होतं.

पपा जायच्या आदल्या वर्षी चर्चमध्ये फादरांनी वाचून दाखवलं होतं की मयताला सुती कपडे घाला, पॉलिस्टर-नायलॉन टाळा, माती ते पचवत नाही आणि कबरी अडून राहतात. पहिल्या बाकावर बसलेल्या विन्सेंटनी, ज्यांनी चाळीस वर्षं पॉलिस्टर विकलं, मान डोलावली. घरी येताना म्हणाले, "फादर बरोबर सांगतात. माझा माल मातीला पचायचा नाही." त्याच आठवड्यात ते पार्ल्याला जाऊन स्वतःच पांढरा सुती झब्बा-पायजमा घेऊन आले आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. "हे घाल मला. ममी आधीच खूप थांबलीय. माझ्यामुळे आणखी थांबायला नको."

इतकं स्पष्ट सांगितलं होतं. बहिऱ्यालाही कळलं असतं.

पण त्याच कपाटात, प्लास्टिकच्या कव्हरात, सूट होता.

तो सूट एक्याण्णव साली शिवला. पेट्रिशियाचं लग्न ठरलं होतं, कुर्ल्याच्या मेलरॉयशी. विन्सेंटनी जन्मभर दुसऱ्यांच्या कोटांना अस्तर पुरवलं, पण स्वतःचा कोट असा कधी शिवला नव्हता. स्वतःच्या लग्नात त्यांनी चुलत्याचा घातला होता. लेकीच्या लग्नाला मात्र हवा म्हणून ते पार्ल्याच्या अंबादास टेलरकडे गेले आणि तिलाही बरोबर घेऊन गेले. कारखान्यातलं सगळ्यात दणकट अस्तर काखेत धरून. मापं झाल्यावर त्यांनी अंबादासला बजावलं, "शिवण सगळी सुती दोऱ्याने घाल."

अंबादास हसला. "मिस्किटासाहेब, सोन्याच्या ताटाला मातीचा काठ लावायला सांगताय. कापड आहे तसं राहील आणि दोरा कुजेल."

"कुजू दे. दोरा कापडापेक्षा कच्चाच असावा. ताण आला की शिवण सुटते, कापड फाटत नाही. शिवण काय, पुन्हा घालता येते."

लग्नाला पाच आठवडे असताना मस्कतहून मेलरॉयचं पत्र आलं. तिकडे त्याला दुसरी कुणी भेटली होती. पत्रात त्याने 'देव तुझं भलं करो' असं लिहिलं होतं, जणू देवाला त्याच्या शिफारशीची गरज होती. गावठाणात चार दिवस कुजबुज झाली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, असं एक मावशी तिच्या पाठीमागे म्हणाली आणि ते बरोबर तिच्या कानावर आलं. विन्सेंटनी पत्र वाचलं, घडी केली, आणि दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला माग दोनऐवजी पाच मिनिटं बंद राहिले. एवढंच.

सूट त्यांनी कव्हरात घालून टांगला. पुढे रसेलच्या लग्नात त्यांनी भाड्याचा कोट घातला. रसेल चिडला, घरात नवा सूट असून पपा भाड्याचा आणतात म्हणजे कंजूषपणाची हद्द झाली, म्हणाला. विन्सेंट हसले फक्त. पेट्रिशियाला कळलं होतं की तो कुणाच्या दिवसासाठी राखून ठेवलाय. त्यांनी एका शब्दाने कधी तिला लग्नाचं विचारलं नाही. पण दर मे महिन्यात ते सूट कव्हरातून काढून अंगणात उन्हाला घालत, झटकत, पुन्हा टांगत. ती तीस वर्षांची झाली, चाळीसची झाली, पन्नास ओलांडली. सूट दर वर्षी ऊन खाऊन परत कपाटात जाई. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघे आणि भांडी जरा जोरात घासू लागे.

पपा गेले त्या दुपारी बायका आल्या आणि विचारू लागल्या, कपडे कुठले? तिने कपाट उघडलं. वरच्या फळीवर झब्बा होता. तिने त्याला हात लावला, बाजूला सारला आणि सूट काढला. "एकदा तरी घाला, पपा," ती मोठ्याने म्हणाली. बायकांना वाटलं दुःखाने बोलतेय. सूट त्यांना थोडा सैल झाला होता, पण काय रुबाबदार दिसले! पुरताना पेटी काढून घेतात; त्याआधी फादरांनी आत पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि प्रार्थनेचं पुस्तक उघडलं.

आज पिशवीत होती ती थैली त्याच झब्ब्याच्या कापडाची होती.

"बाय, ऐकतास मा?" दत्ताराम म्हणाला. "दोन गोष्टी आसत. असाच ठेवून माती ओढूया, तर मगे पाच वर्सा धरा. सात पण लागतीत. ऑफिसात सांगितलास तर मुदत देतत, तसा होता कधी कधी. नायतर ह्यो कोट काढूक व्हयो. मगे एक वरीस. एक पावसाळो गेलो की झाला."

पाच वर्षं.

पेट्रिशियाला आनंद झाला. खोटं कशाला बोला, तिला पहिल्या क्षणी आनंदच झाला, लाज वाटावी असा. पाच वर्षं रोज पाच वाजता येता येईल. पानं झाडता येतील. रसेलला सांगता येईल, माझ्या हातात नाही रे, मातीच्या हातात आहे. आणि यात कुणाला काही कळणारही नव्हतं. दत्ताराम रोज अशी माती ओढतो. रसेल तिकडे. फादर म्हणतील, देवाची इच्छा. पाच वर्षांनी ती पासष्ट वर्षांची असेल, तेव्हाचं तेव्हा बघू.

ती तोंडाने "राहू दे" म्हणणार इतक्यात तिची नजर समोरच्या फरशीवर पडली. ममीचं नाव, आणि खाली ती चार बोटं जागा. पपांनी आयुष्यात तिच्याकडे काय मागितलं होतं? कारखान्यात ये असं त्यांनी सांगितलं नव्हतं, घरी राहा असंही नाही, लग्न कर असंही नाही. एकच मागितलं होतं, आणि तेच तिने केलं नाही. सूट घातला तेव्हा तो त्यांच्यासाठी घातला, असं तरी म्हणता येत होतं. आता तो तसाच ठेवला तर फक्त स्वतःसाठी. मेलेल्या बापाला बायकोपासून पाच वर्षं अडवायचं, का, तर लेकीची संध्याकाळ जात नाही म्हणून.

तिला स्वतःचा इतका राग आला की तिचे कान गरम झाले.

"काढ," ती म्हणाली.

"मगे कापूक लागतला. कोयतो आणतंय."

"कापू नको!" ती ओरडली. मग आवाज खाली आणला. ती भिंतीकडेच तोंड करून होती. "कापायची गरज नाही, दत्ताराम. कापड तुला कापवणारही नाही. दोरा सुती आहे. दोन वर्षांत कुजला असणार. मी सांगते तिथे नुसती बोटं घाल."

"सांगा."

"आधी बाही. काखेत, जिथे बाही जोडलीय तिथे बोट घाल आणि हळू बाहेर ओढ. हाताच्या दिशेने."

माती सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग दत्ताराम म्हणाला, "आयला! सुटली की."

"दुसरी."

"ती पण इली."

"आता काखेपासून खाली बाजूची शिवण. दोन्हीकडची. ती सुटली की पुढचे दोन पल्ले दाराच्या झडपेसारखे उघडतील. बटणं काढत बसू नको, त्यांचाही दोरा गेला असेल. पल्ले बाजूनेच उचल. एका वेळी एक."

कारखान्यात मागावरच्या माणसाला दोष सांगायची तसाच तिचा आवाज निघत होता, सरळ आणि कोरडा. डोळ्यांतून मात्र पाणी चाललं होतं आणि ते पुसायला ती थांबत नव्हती. अंबादासच्या दुकानात ती सत्तावीस वर्षांची होती. कोटाचे कापलेले तुकडे टेबलावर मांडलेले असताना पपांनी तिला एकेक दाखवला होता, हा पल्ला, ही पाठ, हा गळा, आणि प्रत्येक तुकडा कसा उजेडाकडे धरून बघायचा ते पण. तिचं लक्ष तेव्हा दाराबाहेर होतं. मेलरॉय न्यायला येणार होता. पण डोक्यात सगळं राहिलं होतं.

"गळा वर उचल. खांद्यावरची शिवण सुटलीय का बघ."

"सुटली. गळो निघालो." दत्ताराम धापा टाकत होता. "पाठ कशी काढू? ती खाली हा, बाय. मी उचलूचंय नाय त्यांका."

"उचलू नकोस. पाठीला मधोमध शिवण आहे. अर्धी पाठ डावीकडून ओढ, अर्धी उजवीकडून. सरकन येईल. अस्तर गुळगुळीत आहे, अडकत नाही."

ते खरंच सरकन आलं. तिला आवाज ऐकू आला, रेशमी, टेबलाच्या काचेवरून कापड सरकतं तसा. हा आवाज तिने वीस-पंचवीस वर्षं ऐकला होता.

पँट दत्तारामने न विचारता तशीच सोडवली. शेवटी म्हणाला, "झाला, बाय. आता माणूस मातीक लागलो." खड्ड्याच्या काठावर त्याने तुकडे रचून ठेवले होते. "बघतलास? अस्तर अजून चमकता हा."

"नको. जाळून टाक."

दत्तारामने माती ओढायला सुरुवात केली तेव्हा ती वळली. ढीग कमी होत होता. "पपा, चुकले मी," ती म्हणाली. दत्तारामने ऐकलं असेल, पण त्याने फावडं थांबवलं नाही, आणि त्याबद्दल तिला तो फार भला माणूस वाटला.

ऑफिसात मीरा नावाची मुलगी होती. तिने फादरांना फोन करून अकराची प्रार्थना रद्द केली, वहीत पुढच्या वर्षीची तारीख घातली आणि पेट्रिशियाचा नंबर लिहून घेतला.

"दुसरा नंबर द्या ना, आंटी. तुमचा नाही लागला तर."

तिने रसेलचा सांगितला.

"हा तर बाहेरचा दिसतोय. मुंबईतला नाहीये का कुणी? शेजारी, कझिन, कोणी पण चालेल."

पेट्रिशिया विचार करू लागली. शेजारचं घर बिल्डरला गेलं होतं. चुलत बहीण गेल्या ईस्टरला वारली. ती इतका वेळ विचार करत राहिली की मीराला अवघडल्यासारखं झालं. "असू दे, असू दे, आंटी. एक नंबर पण चालतो."

घरी येऊन तिने अंघोळ केली. जेवली नाही. पाच वाजले तेव्हा सवयीने चपला घातल्या, दारापर्यंत गेली आणि चपला काढून परत येऊन बसली. आज तिकडे जायचं तोंड नव्हतं. सात वाजता रसेलचा फोन आला. तिकडे सकाळ होती आणि तो गाडीत होता, कामावर चालला होता.

"झालं, पॅट? ठेवलं पपांना?"

"नाही झालं. पुढच्या वर्षी होईल."

"अरे यार! का?"

"माझ्यामुळे. तो सूट घातला होता ना मी. त्यात पाणी शिरलं नाही. पपांनी सुती घाल म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

"तो सूट!" रसेल म्हणाला. "माझ्या लग्नात घाला म्हणून मी हात जोडले होते त्यांना. हट्टी माणूस. कुणासाठी ठेवला होता देव जाणे."

"माझ्या लग्नासाठी," पेट्रिशिया म्हणाली.

पलीकडे रस्त्याची घरघर.

"मला माहीत नव्हतं," रसेल म्हणाला. मग घसा साफ करून, नेहमीच्या आवाजात, "ठीक आहे, होतं असं. म्हणजे आता आणखी एक वर्ष तुला निघता येणार नाही. मी किम्बर्लीला सांगतो. पपांचं झाल्याशिवाय तू कशी येणार, बरोबर आहे."

सगळं आयतं ताट वाढून समोर आलं होतं. तिने फक्त 'हो ना' म्हणायचं होतं. आणखी बावन्न रविवार निघाले असते.

"तू ठीक आहेस ना, पॅट?"

हा प्रश्न तो दर रविवारी विचारत असे आणि त्याचं उत्तर तिच्या तोंडावर तयार असे. आज ते आलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "मी ठीक नाहीये, रसेल. मी इथे फार एकटी आहे. रोज असते. मी पपांना अडवून ठेवायला निघाले होते आज, माहितीय? बोलायला कुणी हवं म्हणून."

"थांब," तो म्हणाला. "थांब, फोन ठेवू नको. गाडी बाजूला घेतो."

इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली, मग ती थांबली, मग इंजिनही बंद झालं.

"हं. बोल आता. मला कुठे जायचं नाही."

पेट्रिशियाने तोंड उघडलं. सांगण्यासारखं दोन वर्षांचं साचलं होतं, पण कुठून सुरुवात करावी तेच तिला सुचेना. इतक्या दिवसांत ती जिच्याशी बोलत आली होती, त्या मातीने तिला एकदाही 'बोल' म्हटलं नव्हतं.